पाचशे किलोमीटर

दस्तगीर मिस्त्रीनं जुनी प्लेट काढून
माझ्या नाकाशी धरली. "वळखलास?"
ओळखला तो वास. आंबा घाटातली रात्र,
पुढच्याला हूल देत हाफ क्लचवर चढलेली.

कुपवाडच्या लेथवर फ्लायव्हील घासून आलं.
निळे डाग गेले.
नव्या प्लेटीकडं माझा हात गेला तसा तो ओरडला,
"बोटाचं तेलबी चालत न्हाई तिला!"
मग गिअरबॉक्स छातीवर घेऊन गाडीखाली झोपला.
शाफ्ट बसेना. अर्धा तास शिव्या,
एकदाच टक्,
आणि सगळं गप्प.

"पाचशे किलोमीटर. घाट न्हाई, हायवे न्हाई.
बाजारातनं हिंडीव."

म्हणून आता बॉनेटखाली दोनशे घोडे बांधून
गणपती पेठेत हळदीच्या टेम्पोमागं
पहिला, दुसरा, पुन्हा पहिला.
काचेवर पिवळी धूळ.
डावा पाय बिगरीत बसलाय,
पेडल कुठं धरतं, कुठं सोडतं,
रोज एक केसभर वेगळं.
आयर्विन पुलावर सायकलवरचा पोरगा
मला मागं टाकून गेला,
वळून पाहिलंन् जीभ दाखवली.
कधी कुणी दाखवली नव्हती.

एकशे ऐंशी झाले.

आज माधवनगरच्या फाटकाला, चढावर, रांगेत.
सवयीनं पाय अर्धा उचलला
आणि काच बंद असून तो वास आला.
गाडीत काही जळत नव्हतं.
हँडब्रेक ओढला.
मागचा हॉर्न वाजवत राहिला, वाजवू दे,
मालगाडीचे डबे मोजतोय.