घेर

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो.
कुणाच्या छातीच्या, ते पुस्तिकेत दिलंय:
एक मीटर सदतीस.
माझ्या ती हनुवटीशी येते.

चारशे रुपये रोज, टेप, हातोडी, पत्र्याचे नंबर
आणि एक फोन. कोसमटोल्यात रेंज नाही,
म्हणून तो सगळं पोटात ठेवतो
आणि बाजाराच्या दिवशी धानोऱ्यात ओकतो.

येन, एकशे बारा.
धावडा, चौऱ्याण्णव.
बिजाला खिळा ठोकला तर लाल आलं,
बोटांना लागलं, संध्याकाळपर्यंत निघालं नाही.
फोन सांगतो, यात इतके किलो कार्बन,
म्हणजे कुठल्याशा विमानाचा
तितका धूर आता माफ.

ग्रामसभेत रात्री दोनपर्यंत हेच.
मास्तर म्हणाले, शाळेवर पत्रे येतील, पंपाला सौर पाट्या.
मंगरू हलामी म्हणाला, तेंदूचा ठेकेदारही
पहिल्या वर्षी गोडच बोलला होता.
बिसरी पदा दाराजवळ बसली होती. म्हणाली,
"चाळीस वरीस तोडू नोका म्हन्ता.
आमी तोडत कवा होतो?
मंग हे पैसे कायचे?"

मॅडमकडे यासाठी एक शब्द होता,
तो मराठीत येईना.
त्यांनी फोड करून सांगितली:
तोडलं नाही याचा पुरावा लागतो,
आणि एरवी तोडलं असतं, याचाही.
मागून कुणीतरी ओरडलं,
"लिवा ना मंग, तोडनार होतो म्हनून!"
सगळे हसले.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

आज चारशे सतरा नंबर. मोह.
घेर दोनशे शहाऐंशी.
थापटलं तर ढोलासारखा वाजतो.
आत माणूस मावेल. आता आग्या नाही, सातेरी माश्या आहेत,
तळाशी सायाळीचे दोन काटे.
सूत्र घेरावरून आतलं लाकूड धरून चालतं.
शेऱ्यात मी 'पोकळ' लिहिलं.
रकाना लाल झाला: कृपया अंक भरा.

किती भरू?
शून्य म्हणजे झाडच नाही.
शहाऐंशीपुढे आख्खं लाकूड, जे नाही,
आणि शाळेचे पत्रे, जे हवेत.

बिसरी टोपली घेऊन कधीची उभी होती.
तिनं फोनकडे पाहिलं नाही.
"झालं असन तं पाय बाजूले घे, बापू," म्हणाली,
"फुलावर उभा हायेस."