ओली लोकर

मंगळवारी आणि गुरुवारी नेलिदा रात्रशाळेत जायची,
वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी,
नखांत लोकरीची चरबी तशीच घेऊन.
मी पोराला झोपवायचो, भांडी घासायचो
आणि दार वाजलं की विचारायचो,
आज किती पैशांचं शिकलीस?

ती येर्बाचा कडू चहा ओतायची.
बेंतांकोर मास्तर म्हणे फळ्यावर काहीच लिहीत नाहीत.
दोन तास एकच प्रश्न :
वजन लोकरीत असतं की काट्यात?
मी म्हणालो, वजन खिशात असतं,
आणि आपला खिसा बघ.
खिडकीतून नदी दिसत होती,
पलीकडे अर्जेंटिनाचे चार दिवे.
ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

पायसांदूच्या गोदामात नऊ वर्षं
ती गासड्यांवर पाणी मारत आलेली.
शंभर किलोला चार किलो फुकट.
त्या सकाळी मुकादम म्हणाला, मार की, सगळेच मारतात.
नळी हातात धरून तिने विचारलं,
सगळे म्हणजे कोण कोण?
त्याला वाटलं, थट्टा.
त्याने तीन नावं घेतली.
त्यातला एक गेल्या हिवाळ्यात वारला होता.

मग तिने पाणी मारलं.
हे सांगायलाच हवं, कारण गोष्टींमध्ये
अशा वेळी नळी हातातून गळून पडते.
आमचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

रात्री म्हणाली,
इतकी वर्षं हात पाणी मारायचे.
आज मी मारलं.

मग फरक काय पडला? मी चिडलोच.
लोकर तेवढीच ओली ना?
तेवढीच, ती म्हणाली,
आणि कितीतरी वेळ हात पुसत बसली,
कोरडे होते तरी.

परवा बेकरीवाल्याने चुकून जास्त सुटे दिले.
मी मुठीत घेतले, बाहेर पडलो.
पोरगा म्हणाला, बाबा, हे आपले नाहीत.
अरे, सगळेच... म्हणालो,
आणि पुढचा शब्द माशाच्या काट्यासारखा आडवा गेला.
परत फिरलो. खुशीने नव्हे.
वाटेत मास्तरांना दोन शिव्याही घातल्या.

आमच्या घरात तेव्हापासून
एक शब्द फार महाग झालाय.

गुरुवारी दार वाजलं.
चहा मीच ओतला, सांडला थोडा.
विचारलं,
आज कुठे अडलात?