नऊने भाग

खंडवा रोडवर आमचं विद्यापीठ. पहिल्या वर्षाला
लेखाशास्त्र, विपणन, संख्याशास्त्र, संघटनवर्तन,
आणि मग उन्हाळ्यात आठ आठवडे
खऱ्या धंद्यात जाऊन बसायचं.
वर्गातले बाकीचे पुण्याला गेले, गुडगावला गेले.
मला सियागंज मिळालं.
लोढांची पेढी. हिंग, जिरं, धणे, ठोक.
तीन पायऱ्या चढल्या की शिंक.

कोपऱ्यात बैठं मेज, मेजामागे खासगीवाले मुनीम.
पणजोबा होळकरांच्या दप्तरात होते, म्हणाले,
आणि लगेच पुढे,
त्याचं काही नाही, ती रक्कम केव्हाच खर्ची पडली.

नावे-जमा शिकवतात का तुम्हाला?
शिकवतात, पण इंग्रजीत.
मग मराठीत एकदा ऐकून ठेव, नीरू:
घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचं जमा.
बाकी सगळा पसारा.

दुपारी कोणी चुकलं की ते ओरडत नसत.
फरक किती, एवढंच विचारत.
दोनशे सत्तर? नऊने भाग जातो का बघ.
जात असेल तर दोन आकडे उलटे पडलेत,
लिहिणाऱ्याचं लक्ष होतं, हात घाईत होता.
नसेल जात, तर मात्र काहीतरी हरवलंय.
हे आमच्या पुस्तकात असेलही.
मला ते हिंगाच्या वासासकट आठवतं.

माझ्या अहवालाचं नाव लांबलचक होतं.
आलेख रंगीत होते. आणि पान एकोणीसवर एक तक्ता,
मथळा: टाळता येण्याजोगा खर्च.
त्यात एक हमाल, एक भाड्याचं गोदाम,
आणि तिसऱ्या ओळीत,
मुनीम, एक.
नावं लिहायची नसतात. मॅडमनी सांगितलं होतं,
पदं लिहा, माणसं नकोत.

लोढाशेठनी अहवाल चाळला
आणि सवयीने कोपऱ्याकडे सरकवला.
एकतीस वर्षं त्या पेढीत
कुठलीही बेरीज त्या मेजावरून गेल्याशिवाय
खरी झालेली नव्हती.

मी जिऱ्याच्या पोत्यांकडे बघत राहिले.
ते पानं उलटत होते, अंगठ्याला थुंकी न लावता.
एकोणीसवर थांबले.
पगारपत्रक काढलं. चष्मा पुसला.
अठराशेचा फरक येतोय.
मी गप्प.
नऊने भाग जातो का?
जातो. दोनशे.
मग शोध. मी नाही दाखवणार.

मला दिसलंच होतं.
तिसरी ओळ. सोळा हजार चारशेच्या जागी
चौदा हजार सहाशे.
महिन्याला अठराशे, वर्षाला एकवीस हजार सहाशे,
इतकी कमी दाखवलीस तू बचत, ते म्हणाले,
आणि लाल पेन माझ्याकडे धरलं.
तुझ्या हाताने कर. अहवाल तुझा आहे.

मी चार खोडला, सहा लिहिला.
सहा खोडला, चार लिहिला.
त्यांनी खाली बारीक सही केली, तारीख घातली.
मग हमालाला चहा सांगितला. तीन कप.

मला अ श्रेणी मिळाली.
जुलैत तिथे संगणक आला,
बैठं मेज वजनकाट्याखाली गेलं,
उंची अगदी बेताची होती म्हणे.

श्रावणात मल्हारगंजला पोह्याच्या गाडीवर भेटले.
गुण किती?
सांगितले.
वा, म्हणाले. मग गाडीवाल्याला,
भिया, हिच्यात जीरावन जरा सढळ हाताने.
पैसे त्यांनीच दिले.
ते मी कुठे लिहिले नाहीत. कुणाच्या नावे लिहू,
तेच ठरत नव्हतं.

उद्या पेपर आहे.
रात्री सरावाचा ताळेबंद सोडवला.
देणी एका बाजूला, मालमत्ता दुसऱ्या,
पहिल्याच फटक्यात जुळलं सगळं.
फरक शून्य.
दिवा मालवायला उठले, आणि तशीच उभी राहिले.
शून्यालाही नऊने भाग जातो.