रिकाम्या गाडीचं वजन

मानवतच्या काट्यावर रात्री दोननंतर
कापसाच्या गाड्या विरळ होतात.
तेव्हा मी ड्रॉवर उघडतो.
आत कार्बन, स्टेपलर, बंद पडलेलं घड्याळ
आणि पाठकोऱ्या वजनपावत्यांचा गठ्ठा.
दर पावतीमागे एक इंग्रजी शब्द :
आधी उच्चार, मग अर्थ, मग वाक्य.
वाक्य आपलं आपणच करायचं, असा नेम.
मी शिकायलो, हे घरात कुणाला माहीत नाही.

पहिला शब्द लेकीनं दिला, नकळत.
सुकेशिनीचा पुण्याहून फोन होता.
बोलणं संपलं, तिच्याकडून कट करायचा राहिला
आणि ती मैत्रिणीला म्हणाली,
‘पप्पा ना, जरा टॅसिटर्न आहेत.’

जरा काय आहे मी?
शुगरसारखं काही असेल, वाटलं.
डिक्शनरीत एस घालून शोधला, नव्हता.
चौथ्या दिवशी सी घालून सापडला.
मितभाषी, अबोल.
चांगला इस्त्री केलेला अर्थ.
माय मला घुम्या म्हणायची.
माल तोच, पोतं वेगळं.

तेव्हापासून रोज रात्री तीन.
रिलक्टंट. का-कू करणारा.
वाक्य : गौसभाईची जुनी गाडी चढावर रिलक्टंट होते.
मेटिक्युलस. बारीकसारीक बघणारा.
जोर ‘टिक’वर द्यायचा,
ड्रॉवरमधलं घड्याळ चालू असतं तसा.
वाक्य : मुंगी मेटिक्युलस आहे, सरकीचा दाणा सोडत नाही.
इफेमरल. क्षणभर टिकणारं.
वाक्य : सकाळचा भाव इफेमरल होता.

सटल या शब्दापाशी तीन रात्री गेल्या.
मधे बी आहे आणि म्हणायचा नाही.
रिसीटमधे पी आहे, तोही नाही.
अठरा वर्षं मी रिसीट फाडतो,
त्यातला पी एकाही गिऱ्हाइकानं मागितला नाही.

मग एका पहाटे जिनिंगमधे माल उतरवून
तीच गाडी परत काट्यावर आली
आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघताना
माझ्या डोक्यात उजेड पडला.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
पैसे मिळतात ते उरलेल्याचे.
न बोललेलं अक्षर म्हणजे गाडीचा सांगाडा.
काट्यावर चढतं, आकड्यात येतं,
विकलं जात नाही.
पण त्याच्यावाचून माल आला असता कशावर?

गौसभाई खिडकीतून डोकावला,
‘क्या की लिखते रैते तुम, रात रात भर?’
मी त्याला कर्नल लिहून दाखवला.
बघ, एल दोन आहेत, आर एकही नाही,
तरी म्हणायचा आरच.
तो पावती उजेडाला धरून बघत राहिला.
‘मतलब, बगैर पावती का माल,’ म्हणाला
आणि केबिनमधे चढला.

रविवारी रात्री फोन आला.
जेवण झालं का, गोळी घेतली का,
नेहमीचे दोन प्रश्न, नेहमीचे दोन हुंकार.
तिसरा हुंकार द्यायच्या जागी मी म्हणालो,
‘सुके, मी टॅसिटर्न आहे का गं?’
उच्चार बरोबर होता. जोर ‘टॅ’वरच दिला होता.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
‘तुम्ही ऐकलं होतं?’
‘ऐकलं. शब्द चांगला आहे.
सी लागतो, ते आधी कळलं नव्हतं.’
ती हसली, का नाक ओढलं,
फोनवर सांगता येत नाही.
‘अजून कोणते आहेत?’ म्हणाली.

मी गठ्ठा काढला, रबर सोडलं,
वाचत सुटलो.
बाहेर एक गाडी काट्यावर चढून हॉर्न देत होती.
तिला हातानंच थांब म्हणालो.
सातव्या पावतीला सुकेशिनी म्हणाली,
‘पप्पा, जोर चुकला. परत म्हणा.’

परत म्हणालो.
अंगठ्याखाली पावतीच्या पुढच्या बाजूचा
कार्बन उमटला होता,
दोनशे चार क्विंटल, उलटे.