वास()

सावद्याच्या पिकवण गोदामात चौदा पोलादी दारं,
दारांपलीकडे खोक्यांत हिरवी, गप्प केळी.
भिंतीवरच्या डबीत माझा प्रोग्राम: सी भाषेतला,
घट्ट विणीचा, हट्टी.
अठरा अंश म्हणजे अठरा.
चोवीस तास वायू म्हणजे चोवीस.

इतबार तडवी, एकतीस वर्षं केळी पिकवणारे,
फटीला नाक लावून म्हणाले,
"केळं तुह्या घड्याळाचं आयकत नही, बाई."
इंदूरच्या मालाला एक नियम,
भुसावळच्या हातगाड्यांना दुसरा,
रोज्यांच्या महिन्यात तिसरा,
आणि दर नियमाला मी जळगावहून एसटीनं,
मांडीवर लॅपटॉप,
पुन्हा कंपाइल, पुन्हा जोडणी, पुन्हा चहा.

मग मी प्रोग्रामात घरजावई आणला.
जावास्क्रिप्टचं इंजिन, लहान चणीचं,
एका फोल्डरात मावेल एवढं.
म्हटलं, नियम तू सांभाळ, मोटारी मी सांभाळते.

जावयाची तऱ्हा वेगळी.
सीमध्ये आपलं आपण आवरायचं,
मागून घेतलेली जागा परत करायची,
कुणी आठवण करून देत नाही.
हा जेवला की ताट तिथंच ठेवून उठतो.
त्याचा झाडूवाला त्याच्यासोबतच आलेला,
मनात येईल तेव्हा येतो, खरकटं उचलतो.
दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर सांडलं
तर कुणी पुसायचं, हे मी नीट वाचलं नव्हतं.

त्याला फाइल दिली नाही, नेटवर्क दिलं नाही.
तीन खिडक्या फक्त: तापमान(), वायू(), पंखा().
आणि गोल गोल फिरत बसलाच
तर मानगूट धरायला मागं एक हात.

नियम लिहू लागली अर्शिया, इतबारचाचांची मुलगी,
फैजपूरला बारावीत.
तिनं नावं ठेवली: कच्चं, पिवळसर, गाडी_उद्या.
इंजिनला देवनागरी चालते.
मला ते तिच्याकडून कळलं.

अकराव्या रात्री सगळं थांबलं.
दर दहा सेकंदांनी मी खिडकीतून
एक आकडा घेत होते, वाचत होते,
आणि सोडत नव्हते.
झाडूवाला यायचा, बघायचा,
बाईंच्या हातात आहे अजून, म्हणून निघून जायचा.
पंच्याण्णव हजार आकडे माझ्या मुठीत,
आणि डबीत श्वास घ्यायला जागा नाही.

इतबारचाचांनी टॉर्च घेऊन दारं हातानं उघडली,
कोंडलेली हवा सोडली, नऊ नंबरचा माल वाचवला.
मला फोनवर एवढंच:
"डबी झोपली. आता येऊ नको. सकाळी ये."
दुरुस्ती एका ओळीची होती.
ती ओळ सापडायला दोन दिवस.

पुढच्या सोमवारी लॉगमध्ये तांबडी नोंद:
चौदावी ओळ. ‘वास’ डिफाइन केलेला नाही.
तिनं वास() विचारला होता,
तापमान() विचारावं इतक्या सहज,
आणि उत्तर ‘हो’ आलं तर वायू बंद.

फोन केला. "असं फंक्शन नाही, अर्शिया.
तसला सेन्सरच नाही आपल्याकडे."
"आहे की," ती म्हणाली,
"आता जेवायला गेलेत."

मग वास() मी सीमध्ये लिहिलं, अठरा ओळींत.
ते दारावरचा दिवा लावतं आणि वाट बघतं.
दिव्याखाली दोन बटणं: आला, नाही.
तोवर इंजिन उंबऱ्यावर,
अर्ध्या वाक्यात, एक पाय उचललेला.
मानगूट धरणाऱ्या हाताला सांगावं लागलं:
हिला वेळ लागतो, हिला धरू नकोस.

किती वेळ ठेवू, विचारलं.
इतबारचाचा गुडघा चोळत म्हणाले,
"जिना चढाले जितका लागीन तितका."

कालचा लॉग. दार नऊ.
२:४० वास() नाही
४:१० वास() नाही
४:११ वास() नाही
(हे बटण चुकून दाबलं असणार)
५:२५ वास() आला