उतर बे

भिवापूरची मिरची कळमन्याला नेताना
रात्रीचे तीन वाजलेले असायचे.
चारशे सातमध्ये मागे पोती, स्टिअरिंगवर जागोबा निनावे,
आणि खिडकीशी मी, क्लिनर, वय सोळा,
शिंकत.

कुहीच्या अलीकडे एक फाटक होतं. म्हणजे नव्हतंच.
ना दांडा, ना गेटमन, ना कंदील,
नुसती एक पाटी, तिच्यावर इंजिनाचं चित्र,
त्यात कोणीतरी छऱ्यांनी तीन भोकं पाडलेली.
तिथं उस्ताद ब्रेक मारायचा.
टेप बंद. इंजिन बंद.
“उतर बे.”

“काहून? छोटी लाइन हाय, उस्ताद.
दिवसातून दोनदा येते, तेही बैलाच्या चालीनं.”
“एकशे एकतीस कलम हाय.
क्लिनरनं उतराचं, रुळापर्यंत पायी जाचं,
दोन्हीकडं पाहाचं, मंग गाडी पुढं घ्याची.”

चौथी नापास माणूस.
बायकोच्या माहेरचा रस्ता चुकायचा,
पण हे कलम त्याला तोंडपाठ होतं,
आरतीसारखं, चाल न बदलता.

मी उतरायचो. माघाची थंडी, पायात स्लीपर,
गिट्टी बोटांत घुसायची.
डोळ्यांत मिरची, दिसायचं काय कपाळ!
मग रुळाजवळ उभं राहून मी ऐकायचो:
दूर एक टिटवी, तारांची गुणगुण,
माझ्याच नाकाचा सूं सूं.
टॉर्च हलवायचो. गाडी यायची. चढायचो.

एका रात्री गेलोच नाही.
बाभळीआड उभं राहून लघवी केली
आणि तिथूनच टॉर्च हलवला.
गाडी हलेना.
उस्ताद उतरला, माझ्या बाजूनं गेला,
रुळावर उभा राहिला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
परत आला, गिअर टाकला.
शिवी नाही, काही नाही.
काहीच आलं नव्हतं त्या रात्री, ना इतवारीकडून, ना नागभीडकडून.

पुढचे आठ दिवस तोच उतरत राहिला.
मी सीटवर बसून काचेवरची धूळ बोटानं पुसायचो.
नवव्या दिवशी त्यानं ब्रेक दाबायच्या आत
माझा पाय पायदानावर होता.

आता ती लाइन उखडली.
उस्ताद शुगरनं गेला, मेडिकलच्या बावीस नंबर वॉर्डात.
मी कोराडीहून राखेच्या विटा आणतो.
मालक म्हणतो, क्लिनर कशाला, आरसे हायेत नं.
वाटेत कोळशाच्या गाडीची एक लाइन आडवी येते,
तिथला झेंडेवाला कधी असतो, कधी टपरीवर असतो.

मी थांबतो. मोबाइल डॅशबोर्डवर उलटा ठेवतो.
मागून बाइकवाले कोकलतात,
“ओ काका, झोपून रायले का?”
कलमात पुढची ओळ आहे, उस्तादनं कधी सांगितली नव्हती,
गरजच नव्हती तेव्हा:
सोबत कोणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरावं.

शेजारच्या सीटवर पाण्याची कॅन असते, जेवणाचा डबा असतो.
त्यांच्याकडं पाहून मी म्हणतो, उतर बे.
आणि उतरतो.