बोटीनंतरचं टपाल

फेब्रुवारीच्या अखेरीस बोट गेली
आणि माझ्या हाती उरलं एक पोस्ट ऑफिस:
साडेतीन पावलं लांब, दोन रुंद,
एक तराजू, एक शिक्का आणि एक गोणी,
जी नोव्हेंबरपर्यंत कुठेही जाणार नाही.

खिडकी नऊ ते अकरा उघडी.
माणसं चोवीस. त्यातला स्वयंपाकी
रोज दोनदा येऊन विचारतो, "काही आलं का?"
मीही कपाटात वाकून बघते,
म्हणते, "आज नाही."
तेवढं तरी पोस्ट चालतं.

शाई गोठते. स्टॅम्प पॅड
काखेत धरून बसते मी,
बाहेर पेंग्विनचे नर पायांवर अंडी घेऊन उभे असतात तशी.
(कोणीतरी हे म्हणालंच असतं,
मीच म्हणून टाकते.)

रात्री संग्राहकांची पाकिटं. अकराशे.
कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक चौकोन:
शिक्का इथे, तिरपा नको.
लिमोजचे एक निवृत्त नोटरी दरसाल दोन पाठवतात,
आत कोरा कागद.
बावीस वर्षं जगाच्या टोकाहून
कोरा कागद मागवणारा माणूस मला कळत नाही,
पण त्यांचा शिक्का मी श्वास रोखून मारते.

एक्सपेदी तेशे, आमचा प्लंबर,
रेयुनियाँ बेटावरच्या सिलाओ गावचा.
नावाचा अर्थ, तातडीचा.
दर रविवारी आईला एक पत्र.
वजन मी करते, तिकीट तो चाटतो,
मी त्या दिवशीची तारीख मारते;
पत्राला निदान ठाऊक असावं
की आपण वेळेवर निघालो होतो.

फोन आहे की.
फोनवर ती म्हणते, "बरी आहे."
तो म्हणतो, "बरा आहे."
बाकीचं गोणीत.

जुलैत, सूर्य क्षितिजाला जेमतेम खांदा लावून गेला त्या दिवशी,
फोन आला. बहिणीचा.

दोन दिवस धुणीघराचे पाइप गोठलेले राहिले,
कोणी काही बोललं नाही.
तिसऱ्या दिवशी नऊ वाजता तो खिडकीशी.
"एक पत्र परत हवंय. मेमधलं.
छपराच्या पैशांवरून वाकडं लिहिलं होतं."

टाकलेलं पत्र ज्याच्या नावचं त्याचं, असा नियम.
पण नियमाच्या पोटात एक फॉर्म असतोच.
शोधला. 'कारण' या रकान्यापाशी
तो बराच वेळ थांबला,
मग लिहिलं: अक्षर वाईट.
मी गोणी जमिनीवर ओतली.
अक्षर वाईट नव्हतं.

रविवारी तो पुन्हा आला, पाकीट घेऊन.
पत्ता तोच.
वीस ग्रॅम.

नोव्हेंबरात बोट बर्फाच्या कडेला अडकली,
हेलिकॉप्टरनं गोणी आणली.
स्वयंपाक्याला बँकेचं पत्र. तो नाचला.
लिमोजहून दोनऐवजी एकच पाकीट.
आणि तेशे, ई. यांना चौदा.
मार्च ते जुलै. उजवीकडे चढत गेलेल्या ओळी.
शिवाय एका डब्यात मसूर,
झाकणावर: भिजत घालायला विसरू नकोस.

आगमनाचा शिक्का मारावाच लागतो.
चौदा पाकिटं, तारीख आजची.
पॅड मी काखेतूनच काढलं,
नोव्हेंबरात तशी गरज नव्हती.
तो हातमोजे काढून उभा.

"सगळी देऊ?"
"आज रविवार," तो म्हणाला,
"एक द्या. बाकीची पोस्टात राहू देत."

त्याची पत्रं परतीच्या हेलिकॉप्टरनं गेली.
सिलाओचा पोस्टमन काय ते बघेल.

मसूर मात्र त्यानं त्याच रात्री भिजत घातली.
स्वयंपाकी पातेल्यात डोकावला,
म्हणाला, "मीठ शेवटी घाल."